आधी आकाशपाळणा

अमरावती,
पौष वद्य पंचमी

प्रिय आशा,

अंबादेवीच्या कृपेने इकडे सगळे बरे आहे. तुझ्या दादांच्या हाती पाठवलेला तिळगूळ पोचला असेल. डबा त्यांच्याच हाती परत पाठव, घरात नीट झाकण बसणारा तेवढा एकच डबा आहे. पत्र थोडे लांबणार आहे. लिफाफ्याला पैसे तेवढेच पडतात, मग कागदाची पाठ कोरी का ठेवावी, म्हणून दोन्हीकडून लिहिते आहे. अक्षर बारीक झाले तर जावई पंजाबरावांचा चष्मा लावून वाच.

विषय असा आहे की, आमच्याकडे कापसाच्या जिनाच्या मैदानात जी पाळण्यांची आणि चक्रांची कंपनी उतरली होती, तिचा मुक्काम इथून हलला आणि ती आता तुमच्या अकोल्याला येते आहे. सासूबाई म्हणतात, मला ती पुन्हा पाहायची आहे आणि अकोल्यालाच पाहायची आहे. तेव्हा तिथे गेल्यावर आधी कशात बसायचे, मग कशात, हे आताच ठरवून ठेवायला हवे. इथे आम्ही चुकीच्या क्रमाने फिरलो आणि फार फजिती झाली.

तू हसशील. सुतळीचा तुकडासुद्धा गुंडाळून ठेवणारी तुझी माय एकदा पाहिलेले पुन्हा पाहायला आगगाडीत बसते, हे कोणाला खरे वाटेल? पण तुमचे दोघींचे काय झाले ते तुला मी सांगायला नको. जठारपेठेतल्या नव्या घरात तू देव असे मांडलेस की चुलीपुढून तुला ते दिसावेत. सासूबाईंना पूजेला बसणारीचे तोंड पूर्वेला हवे. त्यांनी पहाटे उठून देव फिरवायचे, तू न्याहारीनंतर परत फिरवायचे, देव बिचारे नुसते फिरून राहिले होते. शेवटी तू म्हणालीस, घर माझे आहे. आणि त्यांनी पिंडीवरचा बेल उचलून शपथ घेतली की तुझ्या घराचा उंबरठा पुन्हा ओलांडणार नाही. तूही मागे राहिली नाहीस, बोलावणारच नाही म्हणालीस. पहिले बाळंतपण माहेरी व्हायचे, तेही या रागापायी तिकडेच झाले. शालू आता धरून धरून चालते, असे तुझे दादा येऊन सांगतात. ते सांगत असताना सासूबाई तुरीची डाळ निवडत बसतात. ऐकत नाही असे दाखवायचे असते ना, म्हणून निवडलेलीच डाळ पुन्हा निवडतात. आमच्या घरच्या वरणात खडा सापडत नाही तो तुझ्यामुळे. पण आजीने नात पाहिलेली नाही, ही गोष्ट माझ्या घशाखाली उतरत नाही.

बेल खोटा करा, असे मी त्यांना सांगणार नाही. मीही देवाला मानते. आणि आधी तू बोलाव, असे तुला सांगून उपयोग नाही. नाक दोघींचे एकाच साच्यातले.

आता कंपनीचे सांगते. इथे जायचे ठरले तेव्हा शेजारच्या मैनाबाई धरून आम्ही तिघी ओसरीवर बसून क्रम ठरवत होतो. मी जाहिरातीचा कागद वाचून म्हटले, सगळ्यात जास्त गर्दी आकाशपाळण्याला होईल, तेव्हा तो आधी उरकू. मॅट्रिक झालेल्या सुनेचे ऐकायचे नाही हा आपल्या घरचा नियम तुला ठाऊकच आहे. सासूबाई म्हणाल्या, नवख्या ठिकाणी पाय ठेवला की मधला भाग उजव्या हाताला ठेवून फिरत जावे, देवळात फिरतो तसे, मग चुकत नाही. मैनाबाईंना हे इतके पटले की त्यांनी निघताना उदबत्तीचा पुडाही बरोबर घेतला.

दारातून डावीकडे वळले की पहिले लागले घोड्यांचे चक्र. लाकडी घोडे, लाल-पिवळे रंगवलेले, मधे मोठा खांब, आणि चार गडी ते चक्र ढकलतात. मालक ओमप्रकाश म्हणून उत्तरेकडचा माणूस आहे, भाविक आहे. त्याने मधल्या खांबावर गणपतीची तसबीर लावून तिला झेंडूचा हार घातला होता. आम्ही घोड्यांवर बसलो, मी आणि मैनाबाई पदर सावरत, सासूबाई अगदी ऐटीत. चक्र सुरू झाले. अर्धा फेरा झाला नाही तोच सासूबाईंनी चक्र थांबवायला लावले. मला वाटले भोवळ आली. तर म्हणाल्या, हे उलटे फिरून राहिले आहे, गणपती डाव्या हाताला येतो, ही उलटी प्रदक्षिणा मी घेणार नाही आणि कोणाला घेऊ देणार नाही.

ओमप्रकाशने हात जोडून पुष्कळ समजावले, माताजी, घोड्यांची तोंडे या बाजूला आहेत, त्याला मी काय करू. सासूबाई म्हणाल्या, घोड्याचे तोंड पाहू की देवाचे? तोवर चक्रावरच्या सगळ्या बायका उतरून त्यांच्या बाजूला उभ्या राहिल्या. शेंदूरजनाघाटच्या एक गंगूबाई बाजाराला म्हणून आल्या होत्या, त्या तर म्हणाल्या, मी आधीच एक पूर्ण फेरी मारून बसले, आता प्रायश्चित्त काय ते सांगा. शेवटी मालकाने गड्यांना सांगितले, ढकला दुसऱ्या बाजूने. ढकलले. फेरा सुलटा झाला खरा, पण घोडे शेपटीकडून पळायला लागले. गणपती अजून डाव्याच हाताला, तेव्हा सासूबाईंनी चक्र पुन्हा थांबवले, घोड्यावर तोंड फिरवून बसल्या आणि शेपूट घट्ट धरले. मग सगळ्याच बायका तशा बसल्या. आशा, अमरावतीच्या इतक्या घरच्या लेकी-सुना लाकडी घोड्यांची शेपटे धरून गणपतीला प्रदक्षिणा घालत आहेत, मैनाबाईंची उदबत्ती मधे जळते आहे, आणि बाहेर बघ्यांची ही गर्दी. दुसऱ्या दिवशी ओमप्रकाश स्वतःच ओरडून सांगत होता म्हणे, उलटी सवारी, फक्त इथे. पण अकोल्याला हा गोंधळ होणार नाही. त्याने गणपती आता तिकिटाच्या खिडकीवर नेला आहे, मी विचारून घेतले.

तसेच पुढे गेलो तर आरसेमहाल. एका आरशात माणूस जाड दिसतो, एकात उंच. सासूबाईंनी उंच आरशातल्या बाईला पाहून पदर पुढे घेतला, कोण वडीलधारी आहे असे वाटून. आपणच आहोत हे कळल्यावर रागावल्या आणि दुसऱ्या दाराने बाहेर पडून चालू लागल्या. आम्ही आत त्यांना शोधतोय, त्या बाहेर आम्हाला.

त्यानंतर मौतचा कुआँ. लाकडी विहीर आहे, वरच्या कठड्याशी आपण उभे राहायचे आणि आत एक तरणाताठा गडी भिंतीवरून फटफटी चालवतो. तिचा आवाज असा की शेजारणीचे बोलणे ऐकू येत नाही. सगळे लोक टाळ्या वाजवत होते आणि सासूबाई वरून ओरडत होत्या, हळू चालव बाप्पा, पडशील. खेळ संपल्यावर तो वर आला, तर त्यांनी त्याच्या हातावर तिळगूळ ठेवला आणि विचारले की तुझ्या मायला हा धंदा माहीत आहे का. तो म्हणाला, माय झाशीकडे असते, कामापायी बऱ्याच दिवसांत जाणे झाले नाही. त्याला त्यांनी चांगलेच झापले, की असा कसा रे तू, मायचे तोंड पाहायला जाता येत नाही का. मैनाबाईंना बोलायला जागा हवीच असते. त्या म्हणाल्या, “पार्वताबाई, त्याचं राहू द्या. तुमी कवा जाता लेकीचं तोंड पाहाले?”

झाले. सासूबाईंनी उरलेला तिळगूळ पदराच्या गाठीला बांधला. मैनाबाई जीभ चावून शेवचिवडा पाहायला निघून गेल्या. मी घरून भाकरी नेली होती, पण कोणी खाल्ली नाही.

उरला आकाशपाळणा. दिवे लागायची वेळ, लोक खाण्यापिण्याच्या दुकानांकडे पांगलेले, म्हणून रांगेत आम्हीच पहिल्या. तो कसा भरतात ते नीट वाच, पुढे कामाचे आहे. खालचा पाळणा भरला की चाक थोडे सरकवतात, मग त्याच्या पाठचा भरतात. म्हणजे जो पहिला बसतो तो निम्मे पाळणे भरेपर्यंत टोकाला जाऊन पोचतो आणि खाली गिऱ्हाइकांची घासाघीस संपेपर्यंत तिथेच लोंबकळतो. आम्ही तसेच वर अडकलो. सासूबाईंनी डोळे मिटून रामरक्षा सुरू केली होती. ती संपली तरी पाळणा हलेना. मग त्यांनी डोळे उघडले आणि मला विचारले की अकोला कोणत्या अंगाला आले. मी मावळतीकडे बोट दाखवले. त्या बराच वेळ तिकडे पाहत राहिल्या. अकोला कुठले दिसते, तुरीची शेते आणि धूळ. मग हळूच म्हणाल्या, “पोट्टी पाय टाकत असन आता.” मी पाळण्याची दांडी धरून खालीच पाहत राहिले. बोलले असते तर त्या थांबल्या असत्या. खाली कोणी तरी भाड्यावरून वाद घालत होता, त्याचे देव भले करो.

पुढे त्यांनी जे विचारले ते त्यांच्याच शब्दांत लिहिते. “शकुन, अशा मैदानाले उंबरठा असते का वं?”

मी म्हटले, नाही. बांबूचे दार असते, खालून मोकळे.

परत निघताना त्या फाटकाशी वाकल्या आणि खालची माती हाताने चाचपून पाहिली, फळी वगैरे पुरलेली नाही ना म्हणून. मागची माणसे खोळंबली. मग सरळ उभ्या राहून पदर झटकला आणि जाहीर केले की कंपनी चांगली आहे, घोडे नीट पाहायचे राहून गेले, अकोल्याला पुन्हा पाहू. त्या रात्री त्या पोटभर जेवल्या. पाळण्याचा खर्च हिशेबात करमणुकीखाली लिहिला होता, तो खोडून मी औषधपाण्यात घातला.

तर येत्या रविवारी आम्ही दोघी बडनेऱ्याला गाडी बदलून येतो. भाकरी स्टेशनावरच खाऊ, तुझ्या घराकडे वळणार नाही, आणि संध्याकाळच्या गाडीने परत. त्यांनी उंबरठा ओलांडला असे होत नाही, तू बोलावलेस असेही होत नाही. मैदान सरकारी, कोणीही यावे. मी अंबादेवीच्या पुजाऱ्यांनाही विचारले, ते म्हणाले शपथ घराची आहे, गावाची नाही. तू शालूला घेऊन घोडे दाखवायला आलीस तर तुला कोण अडवणार आहे?

आता क्रमाचे. शालूसाठी तुला आधी घोडे वाटतील. नको. घोड्यावरून माणूस रागाने उडी मारून उतरू शकते. आरसेमहालाला दोन दारे आहेत, ते मी पाहिले. विहिरीपाशी तुम्ही काय बोललात ते तुम्हालाच ऐकू येणार नाही. म्हणून आधी आकाशपाळणा, आणि रांगेत सगळ्यांच्या पुढे. वर टोकाला गेल्यावर दोघींपैकी कोणालाही उठून जाता येत नाही. मी हे सगळे लिहिले ते एवढ्याचसाठी. सासूबाईंना वाटते आहे, शेजारी नेहमीप्रमाणे मी बसणार. मी ऐन वेळी भोवळीचे निमित्त काढीन. तू शालूला माझ्या कडेवर देऊन त्या जागेवर बस. काय बोलायचे ते मी सांगत नाही, काही बोलली नाहीस तरी चालेल. पाळणा हलला की त्या घाबरतात, आणि घाबरल्या की शेजारणीचा हात धरतात. खाली उतरल्यावरही लवकर सोडत नाहीत. माझ्या त्या हातातल्या काचेच्या बांगड्या तिथेच वाढल्या. तेव्हा रविवारी नव्या भरून येऊ नको, जुन्याच असू दे.

तुझीच,
शकुनवहिनी