तिसऱ्या 'नको'नंतर

बेंगळूर,
ता. ९ फेब्रुवारी १९६१

सौ. शालनअक्काला, लांबूनच पायांवर डोकं ठेवून, ज्योतिबाचा सा. न. वि. वि.

पत्र लिहायचं टाळलं, हे आधीच कबूल करतो, म्हणजे तुझा अर्धा राग इथंच खर्च होईल. संक्रांतीच्या आधी कार्ड आणलं होतं. ते खिशात घालून यशवंतपूरच्या बाजाराकडं गेलो. तिथं एक मदारी भेटला, त्याच्या माकडाला म्हणे फक्त तेलुगू समजतं, ते खरं की खोटं बघत बसलो आणि कार्ड घामानं भिजून गेलं. दुसरं आणलं त्याची शेजारच्या पोरानं होडी केली.

असो. नागनाथमामा सुखरूप पोचले. दादा स्वतः स्टेशनवर गेला होता. डोळ्यांच्या डॉक्टरांनी मामांना तपासलं. मोतीबिंदू अजून पिकलेला नाही, पिकला की काढू म्हणाले. म्हणजे मामांचा मुक्काम उन्हाळाभर इथंच. मामी गेल्यापासून निपाणीच्या त्या घरात एकटे काय करत होते देव जाणे. इथं निदान माणसांत आहेत. त्यांना समोरचं माणूस दिसतं, पण ताटातली चटणी कुठली आणि लोणचं कुठलं ते कळत नाही.

आता गंमत सांगतो, म्हणजे सुरुवात गमतीची नाही. दादाच्या कॉलनीत आपली मराठी मंडळी बरीच. सगळे कारखान्यात खुर्चीवर बसून नकाशे काढणारे, आणि घरोघरी आज सत्यनारायण, उद्या डोहाळजेवण. दादाला तू बघशील तर ओळखणार नाहीस, लग्नातल्या कोटाची एकच बाही आत जाते. पौषात वरच्या मजल्यावरचे जयसिंगराव कुणाकडचं पंगतीचं जेवण करून जिना चढत होते, ते मध्येच बसले आणि गेले. दादाच्याच वयाचे, अंगानंही तसेच. प्रतिमावहिनी त्या दिवसापासून दादा जिना चढताना खाली उभी राहून ऐकत असते.

मग दवाखान्याचे डॉक्टर उपेंद्र यांनी सगळ्यांना मंडळाच्या हॉलमध्ये बोलावलं. म्हणाले, एकट्यानं पथ्य पाळून काही होत नाही. घरी भात सोडाल आणि शेजारी जाऊन शिरा खाल. करायचं तर सगळ्या कॉलनीनं मिळून करायचं. तसं ठरलंसुद्धा. सकाळी सगळ्यांनी मिळून तळ्यापर्यंत चालायचं. हळदीकुंकवाला शिऱ्याऐवजी पेरू आणि भिजवलेले हरभरे. क्वार्टरमागं भाजी लावायची. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे आग्रहबंदी. जेवण मध्ये मांडून ठेवायचं, ज्याचं त्यानं घ्यायचं. पाहुण्याला एकदाच विचारायचं, नको म्हणाला की विषय संपला. बायकांनी हळदीकुंकवाच्या तबकावर हात ठेवून शपथ घेतली.

सकाळची ती मिरवणूक बघायला ये एकदा. दूधवाल्यानं पहिल्या दिवशी विचारलं, कुणाचं लग्न आहे? दादा धापा टाकत होता, मी सांगितलं की लग्न नाही रे, स्वल्प पोट कमी करताहेत. तो म्हैस थांबवून हसला.

भावोजींना नमस्कार. माझ्यावरचा लोभ आहे तेवढा ठेव, वाढवलास तर मला निभवायचा नाही.
तुझा,
ज्योतिबा

निपाणी,
ता. २२ फेब्रुवारी १९६१

चि. ज्योतिबास, आहेस तिथं टिकून राहण्याचा आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र आलं. माकडाचं काय ते कळलं, माणसांचं थोडं. दादाचं चालणं वाचून बरं वाटलं. जयसिंगरावांचं पुन्हा पुन्हा वाचलं. डॉक्टर म्हणतात ते खरं असणार. आमच्याकडं मात्र आग्रह नाही केला तर पाहुणा गावभर सांगेल की यांना वाढायचंच नव्हतं. सासूबाई म्हणाल्या, बेंगळूरची माणसं सुटली एका कटकटीतून.

मामांबद्दल तू दोन ओळी लिहिल्यास, त्या डोळ्यांच्या. ते जेवतात काय, झोपतात कसे, मामीची आठवण काढतात का, ते लिही. आई गेल्यावर आपल्याला त्या दोघांनीच वाढवलं. माझ्या सासरी यायला ते तयार नाहीत, भाचीच्या घरचं पाणी नको म्हणतात. तेव्हा आता त्यांचं सगळं तुमच्याच हाती.

वहिनीला नमस्कार. पत्राला उशीर कर, पण टाळू नकोस.
तुझी,
शालनअक्का

बेंगळूर,
ता. ३० मार्च १९६१

सौ. शालनअक्काला, पुन्हा उशीर करून आलेल्या ज्योतिबाचा सा. न. वि. वि.

मध्यंतरी होसकोट्याला तंबूतला सिनेमा आला होता, त्यांच्याबरोबर खांब रोवत दोन गावं हिंडून आलो. त्यांच्या यंत्रात चिमणीनं घरटं केलं होतं, पण ते पुढच्या पत्रात.

मोठी बातमी ऐक. गुढीपाडव्याला मंडळानं सगळ्यांची वजनं केली. दवाखान्यातला माणसांचा काटा मोडला होता, म्हणून यशवंतपूरहून गुळाच्या ढेपा तोलायचा काटा मीच हातगाडीवर आणला. दादा चांगला उतरलाय. जिना न थांबता चढतो. वहिनी आता खाली उभी राहत नाही, वरून हाक मारते. काट्यावर दादा उतरलेला दिसला तेव्हा ती पदर तोंडाला लावून आत निघून गेली, आणि मीही उगाच दोरी सोडवत बसलो. खरंच अक्का, त्या डॉक्टरांचे उपकार आहेत.

आणि पहिला नंबर कुणाचा आला असेल? मामांचा! ते आले तेव्हा वहिनीनं गंमत म्हणून दवाखान्यात त्यांचं वजन करून घेतलं होतं, त्यामानानं सगळ्यांत जास्त तेच उतरले. डॉक्टर रजेवर आपल्या गावी होते, म्हणून सेक्रेटरी बिंदुमाधवांनी त्यांच्या गळ्यात हार घातला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मामा हाताला लागेल त्या बाजूला नमस्कार करत होते. हार बंडीवरून सारखा घसरत होता. बिंदुमाधव म्हणाले, या वयात एवढा संयम, तरुणांनी शिकावं.

तू जेवणाचं विचारलंस. मामा कटकट अजिबात करत नाहीत. वहिनी एक पोळी आणि थोडा भात वाढून देते, विचारते, ते नको म्हणतात, हात धुतात. ती म्हणते म्हाताऱ्या माणसाला एवढंच लागतं. परवा दुपारी मला म्हणाले, शेजारी कसला वास येतोय, मिरच्या तळताहेत का? म्हटलं, हो. म्हणाले, तुझी मामी दह्यातल्या मिरच्या तळायची. मी त्यांच्यासाठी बाजारातून गरम चिरमुरे आणले होते. नको म्हणाले, मग मीच खाल्ले.

मोतीबिंदू अजून पिकलेला नाही. लोभ ठेव, आणि पुढच्या पत्राला झाला उशीर तर या पत्रातूनच वळता करून घे.
ज्योतिबा

निपाणी,
ता. ५ एप्रिल १९६१

चि. ज्योतिबास आशीर्वाद. वि. वि.

हे पत्र मिळेल तसं उठ आणि वहिनीला वाचून दाखव. आधी चहा घेऊ नकोस.

अरे, मामा पहिल्यांदा विचारल्यावर कधी हो म्हणाले आहेत का? तू लहान होतास, तुला आठवायचं नाही, पण दादाला कसं आठवलं नाही? मामी पहिल्यांदा विचारायची, ते नको म्हणायचे. ते रीत म्हणून. दुसऱ्यांदा विचारायची, ते नको म्हणायचे, ते वाढणाऱ्याच्या मनात खरंच आहे का बघायला. तिसऱ्यांदा ते ताटावर हात आडवा धरायचे, पण बोटं फाकलेली असायची. मामी त्या बोटांमधून तूप सोडायची आणि ते अगं अगं करत ओरडायचे. रोज. दोघांचं एवढंच बोलणं चालायचं जेवताना, आणि आम्ही हसायचो. उपाशी मरतील पण मागून घेणार नाहीत, आणि त्यांना तर भांडं कुठं आहे तेही दिसत नाही.

तुम्ही त्यांना हार घातलात रे.

वहिनीचा दोष नाही. ती पुण्याची, सरळ बोलणाऱ्या माणसांत वाढलेली, नको म्हणजे नको समजणारी. शपथ दादाच्या जिवासाठी घेतली होती, तिनं ती पाळली. तिला रागावू नकोस. फक्त तिसऱ्यांदा विचारायला सांग.

मला झोप नाही. उलट टपाली लिही.
शालनअक्का

बेंगळूर,
ता. १२ एप्रिल १९६१

सौ. शालनअक्काला सा. न. वि. वि.

उलट टपाली लिहितोय, पण ज्याच्यासाठी लिहायचं ते माणूस घरात नाही.

तुझं पत्र परवा दुपारी आलं. वहिनीनं स्वतः वाचलं आणि तिथंच ओट्याला टेकून खाली बसली. मग उठली, डाळ शिजत घातली, पुरण वाटलं. म्हणाली शपथ गेली खड्ड्यात, मी त्यांच्या तोंडात घालीन. मी मामांना उठवायला गेलो तर वळकटी बांधलेली, भिंतीला नीट टेकवून ठेवलेली. काठी आणि पिशवी नाही. वहिनी क्वार्टरमागं भाजीला पाणी घालत असताना ते दूधवाल्याला सांगून गेले होते, होसकोट्याला तंबाखूवाले विठोजी ओळखीचे आहेत, त्यांच्याकडं चार दिवस जाऊन येतो, पोरं घरात नाहीत म्हणून तुझ्यापाशी निरोप. तो सरी, म्हणजे बरं, म्हणाला. त्याला काय माहीत त्यांना किती दिसतं ते!

दादा नि मी होसकोट्याला गेलो. विठोजींनी मामांना या दिवसांत बघितलेलंसुद्धा नव्हतं. दादा दिवसभर गल्ल्यांतून चालत होता, आणि पायरीवर बसून म्हणाला, चालायची ताकद आली ती याच्यासाठी का?

डॉक्टर उपेंद्र परत आलेत. हॉलमध्ये ते बिंदुमाधवांवर ओरडले नाहीत, त्यापेक्षा वाईट, हळू आवाजात बोलले. म्हणाले, नेम बरोबर होता, पण तो जाड माणसांचा होता. ज्याच्या अंगावर उतरवायला काही नव्हतं त्याला कुणी विचारलं का? आता वहिनी दोन्ही वेळा पान मांडून ठेवते आणि स्वतः जेवत नाही. दादा तिला आग्रह करतो, तर म्हणते नको.

यावेळी लोभाबद्दल काही लिहीत नाही.
ज्योतिबा

बेंगळूर,
ता. ७ मे १९६१

सौ. शालनअक्काला ज्योतिबाचा सा. न. वि. वि.

तुझी दोन्ही पत्रं मिळाली. उत्तर देण्यासारखं काही नव्हतं म्हणून लिहिलं नाही. मी बेळ्ळंदूरच्या तळ्याकडची खेडी पालथी घातली, देवळांतून झोपलो. पहिल्यांदाच असं झालं की हिंडलो आणि वाटेत कुठंच रमलो नाही. पोलिसांत वर्दी दिली आहे. दादा म्हणतो आता शालनला इकडं बोलावून घ्यावं, म्हणजे जे काय असेल ते

वरची ओळ अर्धी राहिली, कारण दाराची कडी वाजली. अक्का, मामा आलेत. आपले मामा. एका बैलगाडीवाल्यानं कोपऱ्यावर सोडलं, तिथून भिंतीला हात लावत आले. दाढी वाढलीय, खांद्याची हाडं बंडीतून दिसतात. इतके दिवस होसकोट्याच्या पलीकडं एका मठात होते. विठोजींचं घर सापडेना, आणि परत यायला संकोच वाटला म्हणाले. वर हसून म्हणाले, तिथं मोठी पंगत असते, वाढणारा पळत असतो, नको म्हणणाऱ्याला ओलांडून पुढं जातो. शिकलो आता.

मी उंबऱ्याशी बसून लिहितोय, ते आत जेवायला बसलेत. वहिनीनं विचारायच्या आधीच ते म्हणाले, सूनबाई, भूक लागलीय, वाढ. तिनं भाताचं सगळं भांडंच त्यांच्या ताटाजवळ आणून ठेवलं. दादा त्यांच्याजवळ बसलाय. पोळी घ्या म्हणाला, घेतली. अजून एक म्हणाला, घेतली. आता वहिनी तुपाची वाटी घेऊन त्यांच्या ताटावर वाकलीय आणि थांबलीय, त्यांचा हात मध्ये यायची वाट बघत. मामांचे दोन्ही हात मांडीवर आहेत.

अक्का, ते नको म्हणत नाहीत. एकदासुद्धा म्हणत नाहीत.

तू ये.
ज्योतिबा