त्या आठवड्याचा डबा

९ फेब्रुवारी

शर्यत अर्धवट सोडून ती चालत बाहेर आली. आठशे मीटरची. दुसरी फेरी चालू होती, पुढे फक्त एक मुलगी. पाय मुरगळला नाही, कुणाचा धक्का नाही. बसमधून आपला थांबा आल्यावर उतरावं तशी ट्रॅकवरून उतरली. मी बाकावर, हातात तिची पाण्याची बाटली. काय करावं सुचेना म्हणून बाटली उंच धरली.

घरी आल्यावर एवढंच — "बाबा, विचारू नका."

विचारलं नाही. तरी दार आपटलं.

१० फेब्रुवारी

बायकोचा फोन. तिची बदली झाल्यापासून या घरात आम्ही दोघंच, मी आणि लेक.

"अरे, तिचा तो आठवडा आहे."

"कुठला?"

"पाळीच्या आधीचा. वीस वर्षं संसार केलास माझ्याबरोबर, आणि विचारतोस कुठला!"

मग सांगितलं. पोटात ओढ लागते, अंग जड होतं, झोप उडते. आणि स्वतःचाच राग येतो, तो मग जवळच्यावर निघतो. शर्यतीच्या तारखा काही हिला विचारून ठरत नाहीत.

मी काय करू, म्हटलं.

"जेवायला घाल."

चेष्टा असावी.

१४ फेब्रुवारी

चेष्टा नव्हती. क्रीडासंकुलात आहारतज्ज्ञ बाई बसतात. आधी लेक आत गेली, मग मलाही बोलावलं. "घरी स्वयंपाक कोण करतं?" मी हात वर केला. माझ्या वर्गातली मुलं करतात तसा.

बाई आडपडदा ठेवत नाहीत. म्हणाल्या, या दिवसांत भूक वाढते, मुली ती दाबतात आणि मग जग खायला उठतात. रिकाम्या पोटी धावायचं नाही. भात, पाव, बटाटा बंद करायचा नाही. दूध-दही रोज. डाळी, अंडी, मासे, पालेभाजी. तीळ, बदाम, भोपळ्याच्या बिया. कॉफी आणि खारट कमी. "जादू नाही ही. कुणाला बराच फरक पडतो, कुणाला थोडा. पण पोट भरलेलं पाहिजे."

लेक खिडकीबाहेर बघत होती. तिचे कान लाल. माझेही असावेत.

२ मार्च

पहाटे अंडी उकडतो, पालक परततो, डबा भरतो. पहिला पालक करपला.

"बाबा, हा पालक आहे की काजळ?"

हसली. बरं वाटलं. दुपारी माझ्या दाढीच्या आवाजावरून भांडली. दाढीला आवाज असतो हे मला ठाऊक नव्हतं.

किराण्याबरोबर पॅडचं पाकीटही आता मीच आणतो. दुकानदार ते कागदात गुंडाळून देतो, चोरीचा माल असल्यासारखं. मी ते बाथरूमच्या कपाटात वरच्या फळीवर ठेवतो. त्यावर आम्ही बोलत नाही.

६ मार्च

रडत होती. बाथरूममध्ये, नळ सोडून. मी बाहेर दह्याची वाटी घेऊन उभा. नळ बंद झाला. वाटी टेबलावर ठेवून निघून आलो.

दही काय करणार? पण मला दुसरं काही येत नाही.

२१ मार्च

प्रशिक्षकांनी बोलावलं. निवड चाचणी जूनमध्ये आहे. ते लेकीला मिरची म्हणतात. "मिरचीने पुन्हा मध्येच शर्यत सोडली, तर मला तिचं नाव पाठवता येणार नाही, सर. पाय आहेत पोरीचे. डोकं मात्र महिन्यातून एकदा सुट्टीवर जातं."

घरी येऊन सांगितलं. शेवटचं वाक्य सोडून.

तिला ते आधीच माहीत होतं. म्हणाली, "म्हणजे चाचणीच्या दिवशी मी शांत असले पाहिजे. बाकी काही नाही."

१८ एप्रिल

महिना कसा गेला कळलं नाही. भांडण नाही, दार नाही, नळ नाही.

संकुलाच्या फाटकात तिची मैत्रीण भेटली, ती भालाफेकवाली. "काका, तुमच्या हाताला चव आली हो. कालच्या अंड्यांत मिरं मात्र थोडं जास्त पडलं." खांदे केवढे भरलेत पोरीचे. मी फुशारलो. उद्यापासून मिरं कमी.

४ मे

आजवरची तिची सगळ्यात चांगली वेळ. प्रशिक्षकांनी माझ्याच पाठीवर थाप मारली. "काय खाऊ घालता, सर? मिरचीची भोपळी मिरची केलीत की!" सगळे हसले. मीही.

ती हसली नाही. रागावलीही नाही. पूर्वी रागावली असती.

१२ मे

उकाड्याने जीव नकोसा झालाय. ती स्वेटर घालून वाचत बसलेली. थंडी वाजते म्हणाली.

डब्यात तीळ वाढवले.

२७ मे

डबा रोज चाटूनपुसून परत येतो. बायकोला कळवलं.

७ जून

बायकोचा फोन. मी बढाया मारत होतो — पालक, वेळ, शांतता.

मध्येच तिने विचारलं, "पाळी कधी आली तिची?"

"हल्ली काही त्रासच नाही."

"त्रासाचं नाही विचारलं मी."

मग ती म्हणाली, फोन ठेव आणि बघून ये.

बाथरूमचं कपाट उघडलं. वरच्या फळीवर परवा आणलेलं पाकीट. त्यामागे मेमधलं. त्यामागे एप्रिलमधलं. एकही फोडलेलं नाही. नव्याला जागा हवी म्हणून जुनी आत ढकलली होती. मीच.

८ जून

डब्यातल्या मिऱ्याची चव जिला ठाऊक होती, त्या भालाफेकवालीला संकुलात गाठलं. मी तोंड उघडायच्या आतच तिचे डोळे भरले.

"मी नको म्हणत होते, काका. पण ती म्हणायची, तू खा. टाकून दिला तर बाबांना वाईट वाटेल."

घरी आलो. लेक खुर्चीत, पाय पोटाशी घेऊन. का, म्हटलं.

"खाणं तोडलं की ते येतच नाही, बाबा. मग आधीचा तो आठवडाही येत नाही. रडू नाही, राग नाही. तुम्हा सगळ्यांना तेच हवं होतं ना?"

आवाज चढला नाही. मी वाट पाहिली. ती उठली, खोलीत गेली आणि दार हलकेच लोटून घेतलं. कडीचासुद्धा आवाज नाही.

११ जून

नडगी दुखते हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. हाडाला बारीक चीर आहे. डॉक्टर म्हणाल्या, "अंगात आलेलं सगळं धावण्यात जातं. हाडाला द्यायला काही उरतच नाही." धावणं बंद. चाचणी गेली.

पाळी कधी येईल, असं मी विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा हा शब्द मोठ्याने उच्चारला.

"शरीराला पुन्हा भरवसा वाटला की. तारीख मागू नका."

प्रशिक्षकांना फोन केला. म्हणाले, "भोपळी मिरची म्हणालो होतो मी."

मी हसलो होतो, म्हटलं.

२ जुलै

आता समोरासमोर बसून जेवतो. आहारतज्ज्ञ बाई म्हणाल्या, पहारा देऊ नका, सोबत करा. मला त्यातला फरक जमत नाही. ती चार घास खाते आणि पाचव्याकडे बघत बसते, तो दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा. मी माझा घास तोंडात धरून ठेवतो. गिळला तर ती उठेल असं वाटतं.

दुसऱ्यासाठी सगळं करता येतं. रांधता येतं, वाढता येतं. जेवता येत नाही.

१३ जुलै

अर्धा पाव. दही तसंच.

२० जुलै

बायको दोन दिवसांसाठी येऊन गेली. मायलेकी दार लावून बोलत होत्या. मी बाहेर बिया भाजत. निघताना म्हणाली, "तू काही चुकीचं रांधलं नाहीस." मग चपला घालता घालता — "आपण सगळे ती गप्प बसली म्हणून खूश होतो."

जिन्यातून ती खाली गेली तरी मी तिथेच. बिया जळाल्या.

१७ ऑगस्ट

भालाफेकवाली जेवायला आली. बरेच दिवस तोंड चुकवत होती, लेकीनेच बोलावलं. तिघं बसलो.

"काका, मिरं घालत जा हो पुन्हा. हे काय, आजाऱ्याचं जेवण?"

"तूच म्हणालीस जास्त होतं म्हणून."

"तेव्हा फुकटात खात होते. नावं ठेवायला काय जातं?"

लेक खुदकन हसली. मग हात लांबवून मैत्रिणीच्या पानातलं अर्धं अंडं उचललं आणि खाल्लं. मी उगाच उठून पाणी आणलं. तांब्या भरलेलाच होता.

५ सप्टेंबर

स्वेटर कपाटात गेला. विचारलं नाही.

२६ सप्टेंबर

सकाळपासून माझं चहा फुरकणं, माझ्या चपलांचा आवाज, कोमट दही, रोजचा पालक. सगळ्यावरून बोलली. "आणि सारखं माझ्या ताटात बघू नका!" दार असं आपटलं की ओट्यावरची झाकणं वाजली.

मी पालक चिरत राहिलो.

३० सप्टेंबर

साबण ठेवायला कपाट उघडलं. एक पाकीट फोडलेलं आहे. सगळ्यात मागचं, एप्रिलमधलं.