मार देल प्लाताला कशानं यावं

प्रिय मिमी,

गेल्या रविवारी फोनवर तू पुन्हा विचारलंस, "सुले, मी येऊ तरी कशानं?" मी काही बोलणार तोच मागून तुझ्या नवऱ्यानं, रुबेननं, हाक मारली, राविओलीचं पाणी उतू जात होतं, आणि तू फोन ठेवलास. म्हणून आता लिहूनच उत्तर देते. रेल्वे, बस, मोटार आणि विमान, चारही गोष्टींचा मी शांतपणे विचार केलाय, आणि तुझी बाजू सोडून केलेला नाही. डॉक्टरांनी काय सांगितलं ते तुला ठाऊक आहे. आईच्या नजरेचा मधला भाग जात चाललाय, कडा तेवढ्या राहतील. ती भिंतीच्या आधारानं चालेल, स्वतःचा कप स्वतः उचलेल, पण हिवाळा सरेपर्यंत माणसांचे चेहरे तिला दिसतीलच असं नाही. त्याआधी तिला तुझा चेहरा एकदा बघायचाय. काम एवढंच आहे, तुझ्या ब्युनोस आयर्सपासून चारशे किलोमीटरवरचं.

रेल्वेपासून सुरुवात करते, कारण नाताळात तूही तिच्यापासूनच केली होतीस. तिकिटांची विक्री सुरू झाली की बघता बघता संपते, हे खरं आहे. रुबेननं शनिवारी विचार केला, रविवारी पुन्हा विचार केला, आणि सोमवारी तिकिटं नव्हती. यात रुबेनला बोल लावायचं कारण नाही. तो लग्नाच्या आधीही असाच होता, आणि तेव्हा तुला ते आवडायचं. रेल्वे मोटारीपेक्षा हळू येते हेही तुझं म्हणणं बरोबर आहे. वाटेत गाई दिसतात, मग आणखी गाई दिसतात, आणि शेवटी गाईच आपल्याकडे बघताहेत असं वाटायला लागतं. ज्याला वेळ नाही त्यानं रेल्वेनं येऊ नये.

मोटारीबद्दल मी बोलू नये, कारण मोटार म्हटलं की मला बाबाच आठवतात. आपल्या घरात राजकारणावरून कधी भांडण झालं नाही, फुटबॉलवरूनही नाही. भांडण व्हायचं ते एल्सामावशीकडे राजधानीला कसं जायचं यावरून. बाबा म्हणायचे मोटार, आई म्हणायची रेल्वे, आणि दरवर्षी आई जिंकली असं वाटता वाटता आपण मोटारीत बसलेले असायचो. ते वर्ष आठवतंय का, उन्हाळी सुट्टीचा पंधरवडा बदलायच्या शनिवारी निघालो होतो ते? अर्धी राजधानी समुद्रावरून परत चाललेली, उरलेली अर्धी समुद्राकडे येणारी, आणि मध्ये आपण. "आज रस्ता मोकळाच असणार, सगळे घाबरून घरी बसले असतील," असं बाबांनी छातीठोकपणे सांगितलं होतं. अर्ध्या वाटेवरचं दोलोरेस गाव यायच्या आधीच पावात घातलेल्या सगळ्या मिलानेसा, ते मांसाचे तळलेले काप, संपल्या. आई पुढच्या सीटवर बसून माते चहाच्या भोपळ्यात गरम पाणी ओतून बाबांच्या हातात देत होती. तू माझ्या मांडीवर ओकलीस. तेव्हापासून तुला मोटारीत मळमळतं हे मला मान्य आहे, कारण त्याचा पहिला पुरावा माझ्या फ्रॉकवर होता. आता तर तुमच्या मोटारीचा क्लच गेलाय. कार्निव्हलच्या वेळी गेला होता, अजून गेलेलाच आहे. मी मोटार शिकले नाही, त्यामुळे क्लच दुरुस्त व्हायला किती महिने लागतात यावर मला काही बोलता येत नाही. शेजारचा ओस्वाल्दो चाळीस वर्षं टॅक्सी चालवायचा, त्याला विचारलं. तो म्हणाला, "अगं सुले, तुझी बहीण चंद्रावर निघाली असती तरी एव्हाना पोचून कपडे वाळत घातले असते तिनं." मी हसले नाही. तुझ्याबद्दल बाहेरच्यानं बोललेलं मला अजूनही खपत नाही. आपण बोलतो ते वेगळं.

बसनं पाय सुजतात. माझेही सुजतात. शिवाय बसमध्ये पडदे ओढून घेतात आणि शेजारचा माणूस तुमच्या खांद्यावर घोरतो. तुझ्या नशिबी तर तो सिनेमाही आला होता, अख्खा वेळ बंदुका उडत होत्या म्हणालीस. मी दर महिन्याला माझ्या दुकानातल्या स्वेटरचे नमुने घेऊन बसनं राजधानीत येते आणि त्याच दिवशी परत जाते. तुझ्याकडे यायचं मात्र राहून जातं, कारण आईला शेजारणीवर सोपवून आलेली असते. तेव्हा बस किती त्रासाची हे मला कुणी सांगायला नको. तरी तीच माझी सवयीची आहे, आणि सवयीच्या गोष्टीला मी नावं ठेवत नाही.

राहिलं विमान. ईस्टरला तू खरंच तिकीट काढलंस, आणि त्याबद्दल आईनं गल्लीभर सांगितलं. माझी मिमी विमानातून येतेय. त्या दिवशी तिनं निळा स्वेटर घातला, केस विंचरून घेतले, आणि खुर्ची घेऊन दाराशी बसली. धुकं पडलं, विमानं रद्द झाली, त्याला तू काय करणार. तू फोन करून तसं सांगितलंस आणि घरी परत गेलीस. पण मिमी, विमानतळापासून बसस्थानक टॅक्सीनं अगदी जवळ आहे. मला माहीत आहे, तुलाही माहीत आहे. संध्याकाळपर्यंत दहा-वीस बसा सुटल्या असतील. आईला मी सांगितलं की धुकं आहे, तर ती म्हणाली, "असू दे गं, मलाही धुकंच दिसतंय. एकाच गावात आहोत म्हणायचं." आणि खुर्ची आत घ्यायला तिनं अंधार पडेपर्यंत नकार दिला. त्या दिवशी मला तुझा राग आला. खूप आला. इच्छा तिथे मार्ग म्हणतात, आणि आपल्याकडे तर एक सोडून चार मार्ग आहेत.

राग आता ओसरलाय, म्हणूनच लिहू शकतेय. नंतर मी बराच विचार केला आणि मला वाटतं, अडचण चारांपैकी एकाचीही नाही. तुला भीती वाटते. आपण दारात जाऊन उभं राहू आणि आई विचारेल, "कोण ते?" त्या एका प्रश्नापासून तू दूर पळतेयस. मीही पळाले असते, फक्त मला पळायला जागा नव्हती. मला तो प्रश्न तिनं विचारून झालाय, मार्चमध्ये, स्वयंपाकघरात, भर दुपारी. मी "सुले" म्हटलं, ती "मग दिवा लाव की" म्हणाली, आणि आम्ही दोघी कॉफी प्यायलो. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. पण माणूस त्यातून उठतं, कप विसळतं.

गेल्या सोमवारी मी आईलाच विचारलं, तू मिमीच्या जागी असतीस तर कशानं आली असतीस? तिनं प्रश्न फारच मनावर घेतला. विमान लगेच उडवून लावलं. "विमानातून काय बघायचं? ढग? ढग मला हल्ली घरबसल्या दिसतात." बसबद्दल म्हणाली, "पडदे लावून झोपायचं तर घरी काय काटे टोचतात?" मोटार म्हणजे ओस्वाल्दोच चालवणार, आणि तो वाटेत प्रत्येक वळणाची गोष्ट सांगणार, तेव्हा ती बाद. मग म्हणाली, "रेल्वे बरी. उठून फिरता येतं, संडासला जायला कुणाला विनवावं लागत नाही, आणि गाई मोठ्या असतात, अजून दिसतात मला." थोड्या वेळानं कपाटाकडे गेली आणि चाचपडत निळा स्वेटर काढून आणला. मी म्हटलं, "अगं आई, मी नुसतं विचारलं." ती म्हणाली, "मी नुसतं उत्तर दिलं नाही." दुसऱ्या दिवशी मी दुकान बंद ठेवलं आणि स्टेशनवर रांगेत उभी राहिले.

अक्षर डळमळतंय हे एव्हाना तुझ्या लक्षात आलं असेल. मी रेल्वेत बसून लिहितेय. आई समोर खिडकीशी आहे, आत्ताच अर्धं अल्फाखोर बिस्कीट खाऊन झालंय आणि तिच्या म्हणण्याप्रमाणे गाई तब्येतीनं बऱ्या आहेत. हे पत्र टपालात पडणार नाही, तिच्या पर्समध्ये जाईल आणि तीच ते तुझ्या हातात देईल. तुला आधी कळवलं नाही, कारण कळवलं असतं तर तुला नक्की कुठेतरी जायचं निघालं असतं. मी तिला लिफ्टनं तुझ्या मजल्यावर सोडेन, बेल वाजवेन आणि जिन्यानं खाली जाईन. हा हट्ट तिचा आहे. "तू वर येऊ नकोस. तुम्ही दोघी भांडत बसाल आणि मी मेली भिंत बघत बसेन," असं म्हणाली. तिचं खरं आहे, आणि माझा चेहरा तिनं इतकी वर्षं रोज बघितलाय, आजचा दिवस तुझा. मी कोपऱ्यावरच्या कॅफेत आहे. घाई करू नकोस. परतीचं तिकीट काढलेलं नाही. आता हे पत्र खाली ठेव, तिला खिडकीकडे पाठ करून बसव आणि तू तिच्यासमोर, तोंडावर उजेड येईल अशी बस. ती तुझ्या चेहऱ्याकडे न बघता कानाकडे बघेल. रागावली असं समजू नकोस, हलू नकोस आणि मान वळवू नकोस. डोळ्यांच्या कडेनंच तिला दिसतं आता. ती कानाकडे बघत असेल तेव्हा तुझा चेहरा बघत असेल.

तुझीच, खाली कॅफेत बसलेली,
सुलेमा