माहेबूरकरांचं देवक

माहेबूर, मॉरिशस
३ फेब्रुवारी २०२५

ती. आक्कास,
गोरखचा सा. न. वि. वि.

लग्नाची बोलणी मोबाईलवर होत न्हाईत, लेखी कळव, असं चिमाजीकाकांनी बजावलं म्हणून लिहितो. मुलगी शेफाली. आपल्याच लोकांतली, पण पणज्यापासून हितंच. मी कामाला आहे त्या हॉटेलला तिची आई भाजी देते. शेफाली मराठी भजनं म्हणते आणि अर्थ मला विचारते. मला निम्मा येतो.

गावाला नाव माहे या फ्रेंच गव्हर्नरचं. सेशेल्समधल्या एका आख्ख्या बेटालाही त्याचंच. एवढी नावं मिरवून माणूस शेवटी तुरुंगात पडला होता म्हणे. हितं अननसाला तिखटमीठ लावतात, लई भारी लागतो, चिंचही घालतात. असो, मुलगी चांगली आहे.

लोभ आहेच, थोडा काकांकडूनही मिळवून द्यावा.
तुझा गोरख

वेल्हे
२५ फेब्रुवारी

चि. गोरखास आक्काचे आशीर्वाद.

तुझ्या पत्रात अननस किती आणि पोरगी किती. काकांच्या डोक्यात भलतंच बसलंय. आपल्या वाडीला आपल्या मूळपुरुषाचं नाव, वाडीतले सगळे त्याचेच. तसं माहेबूर म्हणजे सगळी माहेची भावकी, असं ते धरून चाललेत. गव्हर्नरचं देवक विचार, म्हणतात. आपलं कळंब. लग्नात त्याच्याकडंही कळंबाचीच फांदी पुजत असतील, तर तुमी दोघं बहीणभाऊ झालात.

फ्रेंचांना देवक नसतं, असं तुझे दाजी म्हणाले. तर काका म्हणाले, मग त्यांचे मांडव कशाच्या भरवशावर उभे राहतात. आता माझाही गोंधळ झालाय. आईबापामागं तुला काकांनी वाढवलं. ते न्हाई म्हणाले तर मी मांडवात येणार न्हाई.

नसरापूरचा टेम्पो, हैदराबादची बेकरी, तुझं काय तडीस गेलंय, सांग. माया आहे म्हणून टोचते.
आक्का

माहेबूर
१७ मार्च

ती. चिमाजीकाकांस सा. न.

गव्हर्नर त्यांचा कुणी न्हाई. तो मेल्यावर लई वर्षांनी गावाला त्याचं नाव दिलं. तरी शेफालीच्या आईला देवक विचारलं. फांदी पुजायचे एवढं तिला आठवतं, पण कुठल्या झाडाची ते म्हाताऱ्यांबरोबर गेलं. आता कळंब निघालं तर? आणि न्हाई निघालं तर ते कुणी सांगायचं? मला काहीच सुधरत न्हाई. तुमी सांगाल ते.

पायाशी जागा ठेवावी.
गोरख

वेल्हे
८ एप्रिल

चि. गोरखास आशीर्वाद.

हे तुझ्या आक्काकडून लिहून घेतोय. ज्यांचं देवक हरवलं, त्यांनी पाच झाडांची पानं पुजावी, पाचपालवी म्हणतात त्याला. आपल्याकडं तशी लग्नं झालीत. तेव्हा माझी हरकत न्हाई. गव्हर्नर पोरीचा कुणी न्हाई, तर त्याच्या गावात ती कशी, हे मात्र अजून कळलं न्हाई.

पण तू एका जागी टिकत न्हाईस. तुझ्यामागं हिंडायची तिची तयारी आहे का, का तिला वेल्ह्याला यायचंय, हे तू कुठंच लिहिलं न्हाईस. तिला विचार. उत्तर तुझ्या अक्षरात नको, तिच्या हातचं पाठव. तिच्या भाषेत असलं तरी चालंल, न कळणारी पत्रं वाचायची सवय तू लावलीच आहेस.

मी रागावलो न्हाई, एवढं दोघांनी धरून चालावं.
चिमाजी