पाटाशिवाय

रवि. १७ जुलै ९४, पेण
गणपतीच्या कारखान्यात दादा माळ्यावरून पडला. मूर्ती उतरवायला चढला होता, फळी सरकली, पाठीवर आला. शुद्धीत होता. म्हणाला, "पाय दुखतोय रे, जरा थांबा." कोण थांबतंय! जीप दारात. मी बगलेत हात घातले, कारागिरांनी पाय धरले आणि पोत्यासारखा उचलला. मधे वाकला. वडखळ येईपर्यंत विव्हळत होता. मग म्हणाला, पायच नसल्यासारखं वाटतंय.

मंगळ. १९ जुलै, अलिबाग
मणका सरकलाय, मेरुरज्जू दबलाय. पडताना झालं की हलवताना, सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. फळीवर आणलं होतं का, विचारलं. गडबडीत लक्षात नाही म्हटलं. खोटं.

बुध. ३ ऑगस्ट, रोहा
दहावी ब. धडा नेमका तोच. मेंदू कवटीत, मेरुरज्जू मणक्यांच्या आत, जाडी जेमतेम करंगळीएवढी. मेंदूचा हुकूम त्यातून खाली, कातडीची बातमी वर. मणक्याला मार लागलेल्याला वाकवू नये, फळीवर सरळ न्यावं, हे चौदा वर्षं सांगतोय. लोका सांगे ब्रह्मज्ञान. बाकी अर्धं लिहवत नाही.
हेडमास्तर म्हणाले, धीर धरा, देव बघतोय. बघत होताच. माळ्यावर ओळीनं मांडून ठेवला होता.

रवि. १४ ऑगस्ट, पेण
दादा घरी. पाय तसेच. मूर्ती बाहेर निघताहेत आणि हा खाटेवरून ओरडतो, "पाटाखाली हात घाला. अंगाला धरू नका, कमरेत जाईल." त्याच्याकडे नवीन कारागिराला हे पहिल्या दिवशी शिकवतात. त्या दिवशी आम्ही पाच जण होतो, सगळ्यांना पाठ. रिकामे पाट भिंतीला टेकलेले होते. मातीला पाट, माणसाला नाही. स्वतःचीच चीड येते, आणि ती काढायला दुसरं कुणी मिळत नाही.

रवि. ४ सप्टें., पेण
वहिनी त्याचं अंग पुसत होती. तळव्याला ओलं फडकं लागलं आणि पाय झटकला गेला. तिनं आळीभर साखर वाटली. "भावजी, पाय हलला. आता उठतील, नाय?"
ती प्रतिक्षिप्त क्रिया. तळव्याची बातमी मेरुरज्जूपर्यंत गेली, त्यानं परस्पर हुकूम सोडला, मेंदूला पत्ताच नाही. दादालाही कळलं नव्हतं, वहिनीनं सांगितलं तेव्हा तो माझ्याकडे बघायला लागला. मी साखर तोंडात टाकली. वर्गात मात्र याच प्रश्नाला दोन गुण देतो.

रवि. २५ सप्टें., रोहा (पेणहून परत आल्यावर)
दादानं माझ्या वर्गासाठी शाडूचं मॉडेल केलंय. माझं पुस्तक उशाशी घेऊन, पडल्या पडल्या. मोठ्या मेंदूच्या वळ्या, मागे छोटा मेंदू, खाली सुतळीत ओवलेले मणके. पुस्तकातल्या चित्रापेक्षा सरस.
म्हणाला, "माझा कुठं गेला, दाखव."
छातीच्या खालच्या मणक्यांवर बोट ठेवलं. त्यानं तिथं अंगठा फिरवला.
"पडलो तेव्हा पाय दुखत होता. तू डोक्याशी होतास, तू ऐकलंस. दुखत होता म्हणजे बातमी वर जात होती, नाय? तुझ्याच पुस्तकात हाय."
मी पुस्तक मिटून ठेवलं.
"मग पडलो तेव्हा गेला, का उचलला तेव्हा?"
वहिनी चहा घेऊन आली. एसटी चुकेल म्हणून उठलो. त्यानं तिला पाट आणायला लावला, मॉडेल त्यावर ठेवून घेतलं, सुतळीनं बांधलं आणि मला म्हणाला, पाटालाच धर.
रोह्यापर्यंत पाट मांडीवर. रस्ता सगळा खड्ड्यांचा. घरी येऊन सोडून बघितलं, एकही मणका हललेला नाही.
पुढच्या रविवारी पाट परत न्यायचाय.