कुरडईच्या गव्हाचं पाणी

माय,

या आठवड्यात घरात आलं ते असं. कुरडईचा गहू पाच किलो, एकशे नव्वद. पापडाची उडीद डाळ दोन किलो, दोनशे साठ. साबुदाणा, पापडखार, हिंग मिळून दोनशे दहा. बटाटे दहा किलो, दोनशे, त्यातले अर्धा किलो सडके. मिरची धावड्याला दिलेल्या नणंदेनं धाडली, ती पैसे घेत नाही, म्हणून तो रकाना कोरा. एरवी अर्धा किलो बटाट्यासाठी मी भर उन्हात मंठ्याच्या बाजारात परत गेले असते, तुझीच लेक मी. या वेळी वहीत 'सडके' एवढं लिहिलं आणि वही मिटली.

सामान तसंच पडून आहे. मिरचीचे देठ खुडायचे, डाळ दळून आणायची, बटाट्याचा कीस, गच्ची झाडायची, त्यात लेकीची परीक्षा आणि ह्यांचा पथ्याचा स्वयंपाक. सकाळी उठून या सगळ्याकडे पाहिलं की परत आडवी होते. काम जड आहे म्हणून नव्हे, कामं मी जन्मभर केली. मला त्यांची शिसारी आलीय. मोरीतल्या खरकट्याची, ओट्यावरच्या तेलकट चिकटाची, स्वतःच्या घामट मानेची. तू सांगायचीस, "पसारा पाहू न्हाई, हातातलं भांडं पाहावं." मी हातातलं भांडं पाहते, आणि त्या भांड्याचाच वीट येतो. खोटं कशाला बोलू, परवा देवासमोर बसले तर उदबत्तीच्या वासानंही मळमळलं. दोन दिवस देवांना आंघोळ नाही. तांब्याच्या ताम्हनाला हिरवट डाग धरलेत, ते दिसतात, आणि मी पाठ फिरवते.

त्यातल्या त्यात गहू भिजत घातला होता. तीन दिवस भिजवायचा आणि रोज पाणी बदलायचं, हे मी गल्लीतल्या सुनांना किती वेळा सुनावलंय. कुणाच्या चिकाला जरा वास आला की नाक मुरडणारी मीच. पण पहिल्या दिवशी उद्या बदलू म्हटलं, दुसऱ्या दिवशी पातेल्यापर्यंत गेले आणि नुसतं झाकण सारखं करून आले. तिसऱ्या दिवशी गेलेच नाही. गहू आंबल्याचा वास मला नवा नाही, पण आज सकाळी झाकण काढलं तर मेलेल्या उंदरासारखा भपकारा आला. वर करडी साय, आणि बोट बुडवलं तर तार निघाली. ते बोट मी तीनदा साबणानं धुतलं. मग झाकण लावलं आणि आतल्या खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडले. आज बाया येणार होत्या. आमच्याकडे पाळीपाळीनं एकमेकींच्या घरी वाळवण होतं, आणि आजची पाळी माझी होती.

त्या आल्या. शेजारीण पुढे असणार, तिच्या बांगड्या ओळखू येतात.

"तुझी मम्मी कुठंय गं?"

"झोपलीय, काकू."

"या टायमाला? बरं हाये ना तिला?"

"काय न्हाई झालं. कंटाळा आलाय तिला. चार दिवस झाले, नुसती लोळून राह्यली. सगळं मलाच करावं लागतं."

"अन् हा वास कायचा?" झाकण वाजलं. "अगं बाई! बिलकुल नासला की!"

मागून दुसरी म्हणाली, "देवाला रोज न्हाऊ घालती, अन् गव्हाला तीन दिवस एकच पाणी!"

सगळ्या हसल्या. आल्या पावली परत गेल्या. मी डोळे मिटून पडून होते. उठून लेकीच्या एक ठेवून द्यावी असंही वाटलं नाही. तिचं वाक्य मला पाठ होतं, माय. ते माझंच होतं.

अंकुशनगरला साखर कारखान्याच्या खोल्यांत राहत होतो तेव्हाची गोष्ट. मी नववीत. वडील एका पाळीला, काका दुसऱ्या पाळीला, आमची शाळा तिसरीच वेळ, आणि तू या तिन्हींच्या मागं डबे घेऊन धावायचीस. त्या दुपारी चुलीवर कुरडईचा चीक आहे. तू पळी माझ्या हातात देतेस, "जरा हाटत राह्य, मी आलेच," म्हणतेस आणि तिथंच फरशीवर भिंतीकडे तोंड करून आडवी होतेस. मला तुझा राग येतो. पायाच्या भेगांत पीठ भरलेली, पदर अर्धा खाली, बाया यायच्या वेळेला अशी पडलेली आई मला नको असते. मी पळी ठेवून देते आणि दारात जाऊन उभी राहते. मागं चीक लागतो. बाया येतात, वास घेतात, विचारतात. मी म्हणते, "आमची माय ऐदी हाये. निजली, म्हणून लागला. सगळं मलाच करावं लागतं." तुझ्यापासून चार हातांवर, मोठ्यानं. त्या तोंडाला पदर लावून हसतात. तू हलत नाहीस.

संध्याकाळी तू राखेनं पातेलं घासत होतीस. मी जवळ येऊन उभी राहिले तर एवढंच म्हणालीस, "आधी भिजू द्यावं, मंग घासावं." कुणी ढवळायचं सोडलं, ते तू विचारलं नाहीस. वडिलांनी चिकावरून तुला बोल लावला, तेव्हा मी पुस्तकात डोकं घालून बसले. माझ्या मॅट्रिकच्या निकालानंतर वर्षभरात तू गेलीस. पळी माझ्या हातात होती, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

गहू अजून तसाच आहे. हे लिहून झालं की उकिरड्यावर ओतून येईन. अन्न टाकण्याचं पाप लागेल, लागू दे. तुझ्या पत्त्यावर टपाल जात नाही, तेव्हा हा कागद हिशेबाच्या वहीतच राहील. लेकीला मी काही बोलणार नाही. ती आत्ता दारातून दोनदा डोकावून गेली, चहा ठेवू का म्हणून. मी 'ठेव' म्हटलं.

मी आज झोपले नव्हते, माय. शब्दन् शब्द ऐकला. उलट टपाली बाकी काही नको, एवढंच कळव: त्या दुपारी तू झोपलेलीच होतीस ना?