बाबांसाठी बांधलेला डेक

ती. बाबांना रश्मीचा सप्रेम जयभीम.

आमी दोघंबी बरे आहो. मागच्या वर्षी तुमी इथं कॅनडात आले तवा म्हणाले, "पोरी, या घराले अंगण नाही, मले कोंडल्यावानी होते," अन् लवकरच हिवरखेडले परतले. म्हणून यंदा तुमच्या जावयानं, नागसेननं, मागच्या दाराले लागून लाकडी ओटा बांधला. इथं त्याले डेक म्हणतात. आता चहा, जेवण, आमचं भांडण, सारं तिथंच होते.

काल शेजारचे आजोबा पहिल्यांदाच आले, अंधार पडेपर्यंत बसले. बायको गेल्यापासून ते कोणासंग बोलत नव्हते. उठताना म्हणाले, "उद्या येऊ काय?"

बाबा, आई गेल्यावर संध्याकाळी तुमी कोणासंग बोलता? फोनवर "ठीक आहे" म्हणता, मले ते पटत नाही.

तुमी इचारू नका, सरळ या.

तुमची वाट पाहणारी लेक,
रश्मी